पणजोबा नेमके कधी गेले? कोल्हापूर भागातल्या जुन्या मृत्यू नोंदी कशा शोधायच्या

आमच्या घरात पणजोबांबद्दल एकच वाक्य होतं, 'ते मानमोडीत गेले'. आजोबा तेव्हा रांगत होते म्हणे, त्यामुळं त्यांनाही काही आठवायचा प्रश्नच नाही, आणि ज्यांना आठवत होतं ते सगळे जाऊन पन्नास वर्षं झाली. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ, आपल्याकडं तिचा कहर दसरा-दिवाळीच्या आसपास झाला, एवढं पुस्तकातनं कळतं. पण आपला माणूस कुठल्या दिवशी गेला, कुठं गेला, बरोबर अजून कोण गेलं, हे कुठंतरी लिहिलेलं असणार असं मला सारखं वाटायचं. ते सापडलं, पण त्याला दीड वर्ष गेलं, आणि त्यातलं निम्मं चुकीच्या ऑफिसात चुकीचा प्रश्न विचारण्यात गेलं. तुमचं तेवढं वाचावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आज माणूस गेला की डेथ सर्टिफिकेट निघतं, बँक, पेन्शन, विमा सगळीकडं ते लागतं, त्यामुळं आपल्याला वाटतं की मृत्यू म्हणजे एक दाखला. जुन्या काळी तसं नव्हतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा 1969 चा आहे आणि महाराष्ट्रात तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्याआधी नोंद व्हायची, पण सगळ्यांची व्हायची असं नाही आणि जिची व्हायची तिचा दाखला कुणी घरी आणून ठेवायचं नाही. त्यामुळं 1970 च्या आधीचा माणूस शोधताना 'दाखला कुठं मिळेल' असं विचारू नका, 'हा माणूस गेल्यावर कुणाच्या नावावर काय चढलं' असं विचारा. जमीन कुणाच्या नावावर गेली, वतन कुणाकडं गेलं, बायकोच्या नावामागं काय लागलं, कोतवालानं कुठल्या वहीत लिहिलं. तिथंच तारीख सापडते.

घरातनं सुरुवात करा, ऑफिसातनं नको

पहिले दोन-तीन रविवार कुठं जाऊ नका. घरातली सगळ्यात वयस्कर बाई गाठा. बाईच म्हणतोय, कारण पुरुषांना शेताच्या बांधाचं लक्षात असतं आणि आत्या, आजी, चुलत काकूंना कोण कधी गेलं ते लक्षात असतं. 'कुठल्या साली गेले' असं विचारलं तर उत्तर येत नाही. असं विचारा, तुमच्या लग्नाच्या आधी का नंतर, अमक्याचा जन्म झाला होता का, पाऊस होता का सुगी होती, घरात कुणाचं लग्न त्यामुळं लांबलं का. आमच्या आत्यानं 'शेंगा काढायला लोक न्हवती त्या साली' एवढं सांगितलं आणि तेवढ्यावर महिना जुळला.

मग तिथी विचारा, पण इथं एक मोठा घोळ होतो तो नीट समजून घ्या. बऱ्याच घरात वर्षश्राद्ध बंद झालेलं असतं आणि फक्त पितृपक्षातलं म्हाळ उरलेलं असतं. म्हाळाची तिथी म्हणजे गेलेल्या दिवसाची तिथी असते, पण महिना आणि पक्ष कळत नाही, माणूस माघ शुद्ध पंचमीला गेला असला तरी म्हाळ भाद्रपद वद्य पंचमीलाच होणार. त्यातही बाई नवऱ्याच्या आधी गेली असेल तर तिचं म्हाळ अविधवा नवमीला घालतात, ती कुठल्याही तिथीला गेलेली असू दे. अपघातानं किंवा शस्त्रानं गेलेल्यांचं चतुर्दशीला, आणि तिथी माहीतच नसेल त्यांचं सर्वपित्री अमावास्येला. म्हणजे घरात कुणी 'आजी नवमीला गेली' म्हणालं तर ती नवमीला गेली असं वहीत लिहू नका, ती आजोबांच्या आधी गेली एवढंच लिहा. तेही कमी नाही, कारण त्यावरनं आजोबांच्या साताबाराच्या नोंदीच्या आधीची कागदं चाळायची हे ठरतं.

मग कागदं बाहेर काढा. ट्रंक, देवघराखालचा कप्पा, माळ्यावरची पत्र्याची पेटी. लग्नपत्रिका फेकू नका, लई कामाच्या असतात. नावामागं 'कै.' आहे का बघा. 'सौ.' आहे का 'गं. भा.' आहे ते बघा. आमच्याकडं दोन पत्रिका निघाल्या, एका चुलत आजोबांच्या लग्नाची आणि दुसरी त्यांच्या बहिणीची, मध्ये चार वर्षांचं अंतर. पहिल्या पत्रिकेत थोरल्या आजीच्या नावामागं सौ. आणि दुसरीत गं. भा. म्हणजे थोरले आजोबा त्या चार वर्षांत गेले. नंतर फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदी, शोधताना मला तीस वर्षांची रजिस्टरं चाळावी लागली नाहीत, चारच वर्षांची बघितली. खरेदीखत, गहाणखत, सोसायटीच्या कर्जाचे कागद, यातही बायकांच्या नावावरनं असंच कळतं.

फोटोची फ्रेम मागनं उघडून बघा, बऱ्याचदा पाठीवर पेन्सिलीनं तारीख असते. शेतात बांधावर समाधी असेल तर तिथं जाऊन या, चुना खरवडू नका, पाणी मारून तिरक्या उन्हात सकाळी किंवा संध्याकाळी फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. ज्या घरांची कागदं गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जळितात गेली त्यांना हे सगळं मिळणार नाही, त्यांनी नातेवाइकांकडच्या पत्रिका आणि फोटो गोळा करावेत, कारण जळितातनं आपलं घर गेलं तरी मुलगी दिलेल्या गावातलं घर वाचलेलं असतं.

आणि हेळवी. आपल्या भागात, विशेषतः सीमेकडच्या गावांत, हेळवी बैल घेऊन यायचे आणि घराची वंशावळ म्हणून दाखवायचे, त्यांच्याकडं वह्या असतात. अजूनही काही जण सुगीनंतर येतात. ते आले तर त्यांना धान्य देऊन वाटेला लावू नका, बसवा, चहा द्या, आणि परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. त्यांच्याकडं तारीख बहुतेक नसते, पण कोण कुणाचा मुलगा आणि कोणाचा वंश तिथंच संपला हे असतं. 'निपुत्रिक गेला' ही माहिती फेरफार देतो पण कशामुळं दोन भावांपैकी एकाचंच नाव पुढं चाललं ते हेळव्याच्या वहीत कळतं. तसंच नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांच्या वह्या. घरातलं कुणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला तिथं गेलं असेल तर गावाचं नाव आणि आडनाव सांगून उपाध्ये शोधता येतात, आणि त्या वहीत कोण आलं, कुणासाठी आलं हे आलेल्यानं स्वतःच्या सहीनं लिहिलेलं असतं.

गेले कुठं, ते आधी ठरवा

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, जिथं घर आहे तिथं नाही. यात लोकं सगळ्यात जास्त फसतात, मीही फसलो. राधानगरी किंवा भुदरगडचा माणूस सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, ॲडमिट असताना गेला असेल तर नोंद कोल्हापूर महानगरपालिकेत, गावच्या ग्रामपंचायतीत कितीही शोधा. आणि जुन्या लोकांच्या बाबतीत मिरज विसरू नका. वानलेस हॉस्पिटलमुळं सगळं दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा वरचा भाग मिरजेला जायचा, त्यामुळं 'दवाखान्यात नेलं होतं' असं घरात सांगत असतील तर 'कुठल्या' हे विचाराच. मिरजेच्या नगरपालिकेचं सगळं 1998 पासून सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे.

दुसरं, हद्दी. आज आपण 12 तालुके म्हणतो पण पणजोबांच्या काळात असं सरळ नव्हतं. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा, कापशी अशा जहागिऱ्या होत्या आणि त्यांचं दप्तर त्यांचं. कुरुंदवाड तर वेगळंच पटवर्धनी संस्थान. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, म्हणजे चंदगडच्या माणसाचे जुने धागे बेळगावकडं जातात. आणि उलटं, रायबाग हे कोल्हापूर संस्थानातलं, ते आता कर्नाटकात. म्हणून गावाचं नाव लिहिलं की त्याच्या शेजारी 'त्या साली कुणाच्या ताब्यात' हे लिहा. एका ऑफिसात 'आमच्याकडं नाही' म्हणाले की आपण समजतो नोंदच नाही, खरं म्हणजे ती शेजारच्या जिल्ह्यात असते.

1970 नंतरचा मृत्यू असेल तर

हे सोपं आहे, पटकन सांगतो. शहरात महानगरपालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, इचलकरंजी, गडहिंग्लज, कागल, जयसिंगपूर अशा ठिकाणी तिथली पालिका, खेड्यात ग्रामपंचायत. ग्रामसेवक म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडं रजिस्टर. ऑनलाइन मिळतं ते अलीकडच्या वर्षांचं, सत्तर-ऐंशीच्या दशकातलं शोधायला रजिस्टरच उघडावं लागतं. कायद्याच्या कलम 17 प्रमाणं शोध फी भरून रजिस्टरमधली नोंद शोधायला सांगता येतं आणि तिची कॉपी मागता येते. त्याच कलमात असंही आहे की मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण दाखवायचं नाही, त्यामुळं दाखल्यावर कारण नाही म्हणून भांडू नका, ते तिथं येणार नाही.

अर्जात एकच तारीख लिहू नका. 'अंदाजे मे 1974 ते मे 1976' असं लिहा. नावाचे सगळे प्रकार लिहा, बापू, बापूसो, बापूसाहेब, कारण कोल्हापुरात 'सो' लावायची पद्धत, आणि रजिस्टरला कुणी सांगायला गेलं असेल त्यानं काय सांगितलं ते आपल्याला माहीत नसतं. बायकांचं तर सासरचं नाव आणि माहेरचं नाव दोन्ही द्या. नाही मिळालं तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला मागून घ्या, अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात. वारसाच्या कामाला तो लागतोच, पण आपल्या शोधातही 'इथं बघून झालं' याचा पुरावा राहतो.

त्याआधीचा असेल तर कोतवाल बुक

आता मुख्य गोष्ट. गावात जन्म आणि मृत्यू झाला की पाटील-कोतवालाकडून त्याची नोंद व्हायची, ते रजिस्टर म्हणजे गाव नमुना 14, लोकं त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही रजिस्टरं आता बहुतेक तहसीलदार कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. कितीतरी लोकांना हे नावच माहीत नव्हतं. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि गावोगावची कोतवाल बुकं बासनातनं बाहेर आली, कारण त्यात जात लिहिलेली असते. त्या कामात बरीच पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर गेली. ते कशासाठी केलं हे वेगळं, पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला त्याचा केवढा उपयोग आहे. म्हणून आधी जिल्ह्याच्या वेबसाइटवर आपला तालुका, आपलं गाव बघा, मग तहसीलला जावा.

एक लक्षात ठेवा, स्कॅन केलेली पानं म्हणजे सगळं रजिस्टर नव्हे. ज्या पानावर हवी ती नोंद होती ती पानं आधी स्कॅन झाली. तुमच्या माणसाचं पान त्यात नसेल म्हणून ते रजिस्टरात नाही असं होत नाही.

तहसीलला जाण्याआधी माहिती अधिकारात एक छोटा अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो. त्यात पणजोबांची कहाणी लिहू नका, एवढंच विचारा की मौजे अमुक गावची गाव नमुना 14 ची रजिस्टरं आपल्या रेकॉर्ड रूममध्ये कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत उपलब्ध आहेत. तीस दिवसांत लेखी उत्तर यायला पाहिजे. हे मी उशिरा शिकलो. आधी एका कार्यालयात मला चार वेळा 'जुनं काही नाही, पुरात गेलं' असं तोंडी सांगितलं होतं, आणि लेखी विचारल्यावर आमच्या गावची 1909 पासूनची रजिस्टरं आहेत असं उत्तर आलं. तोंडी 'नाही' वर घरी येऊ नका. साहेबांशी वाद न घालता अर्ज बारनिशीत म्हणजे आवक-जावक टेबलावर द्या, पोच घ्या, आठवड्यानं परत जावा. रेकॉर्ड सांभाळणारा माणूस एकटा असतो आणि त्याच्यामागं रोज वीस जण कुणबी दाखल्यासाठी उभे असतात, त्याला गाव, साल आणि नमुना क्रमांक नेमका सांगितला की तोही मनापासून शोधतो.

रजिस्टर समोर आल्यावर घाबरायचं नाही. कागद पिवळा, कडा उंदरानं खाल्लेल्या, पान उलटताना तुकडे पडतात म्हणून खालच्या कोपऱ्यातनं न धरता मधनं तळहात घालून उलटायचं. बहुतेक मोडीत असतं, सरकारी कामात मोडी 1950 च्या दशकापर्यंत चालली. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ मानत नाहीत. तुम्हाला सगळी मोडी यायची गरज नाही. आपलं आडनाव, पाच-सहा नावं, महिन्यांची नावं आणि आकडे एवढं मोडीत कसं दिसतं ते एका कागदावर मोडी येणाऱ्याकडनं लिहून घ्या आणि तो कागद शेजारी ठेवून पान बघा. नजर दोन दिवसांत बसते. पुराभिलेख संचालनालय मोडीच्या परीक्षा घेतं, त्यामुळं जिल्ह्यात परीक्षा दिलेले मोडी वाचक मिळतात, शेवटचं वाचन त्यांच्याकडनं करून घ्या, आपल्या मनात जे नाव आहे तेच आपल्याला दिसायला लागतं म्हणून.

'बिन' म्हणजे मुलगा, रामा बिन तुका. 'कोम' म्हणजे बायको, सखू कोम रामा. मेलेल्या माणसापुढं 'मयत'. कारणाच्या रकान्यात पटकी म्हणजे कॉलरा, देवी, हगवण, प्लेग किंवा गाठ, आणि सगळ्यात जास्त वेळा नुसतं 'ताप'. हा ताप कसलाही असू शकतो, मलेरिया, विषमज्वर, मानमोडी. कोतवालाला डॉक्टरी येत नव्हती. म्हणून एका नोंदीवरनं कारण ठरवू नका, आजूबाजूची पानं बघा. आमच्या गावच्या रजिस्टरात एरवी एका पानावर दोन-दोन महिने बसतात, आणि त्या आश्विनात एका आठवड्याला दोन पानं भरलीत. अक्षर सुरुवातीला नीट, मग घाईचं, मग मध्येच बदललंय, दुसऱ्या कुणाचं तरी. पहिला लिहिणारा आजारी पडला का गेला, माहीत नाही. सगळ्यांच्या पुढं ताप. ते पान बघितल्यावर मानमोडी म्हणजे काय ते मला कळलं.

पणजोबा तिथं सापडले. आणि त्यांच्या वर तीन ओळी सोडून, बापाच्या जागी त्यांचंच नाव असलेली मुलगी, वय पाच महिने, तिच्या नावाच्या जागी रेघ. आमच्या घरात या मुलीबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा रांगत होते म्हणजे ही त्यांची जुळी बहीण नसणार असं आधी वाटलं, पण वयाचा रकाना अंदाजानं भरलेला असतो, त्यामुळं तेही नक्की सांगता येत नाही. म्हणून सांगतो, आपला माणूस सापडला की थांबू नका, वरच्या आणि खालच्या पन्नास ओळी वाचा.

तारखेचं गणित आता. इंग्रजी तारीख नसेल तर शक असतो नाहीतर फसली. शकात 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा यातला दिवस असेल तर 79. शके 1840 आश्विन म्हणजे 1918. फसली सालात 590 मिळवा, ते साल जूनच्या सुमाराला बदलतं म्हणून जानेवारी ते मे यातला महिना असेल तर 591. फसली 1328 म्हणजे 1918-19. तिथीची नेमकी तारीख काढायला जुनं पंचांग किंवा तिथी बदलून देणारी वेबसाइट वापरा, आणि वार लिहिलेला असेल तर जुळतोय का बघा, वार जुळला नाही तर तिथी वाचण्यात चूक आहे. अधिक महिन्याचं वर्ष असेल तर अजून काळजी. आणि नोंदलेली तारीख बऱ्याचदा खबर दिल्याची असते, गेल्याची नाही. आमच्याकडं घरातली तिथी आणि रजिस्टरची तारीख यात तीन दिवसांचा फरक आला, साथीत घरातले सगळेच अंथरुणात, खबर द्यायला जाणार कोण. मी दोन्ही लिहून ठेवल्यात.

कोतवाल बुकात नसेल तर जमिनीकडं वळा

खातेदार गेला की वारस नोंद होते. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार, त्यात 'खातेदार अमुक हे अमुक साली मयत, वारस मुलगे दोन, मुलगी एक, बायको' असं येतं, आणि वारसांसाठी 6 क ही वेगळी वही. आत्ताच्या साताबारावर जुने फेरफार नंबर लिहिलेले असतात, तिथनं एकेक नंबर मागं जायचं. जुने स्कॅन केलेले फेरफार आणि सातबारे 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर बघा, तुमचा तालुका तिथं असेल तर फी भरून घरबसल्या मिळतं, नसेल तर तलाठी, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, नाहीतर तहसील.

इथंही दोन धोके. एक, वारस नोंद मृत्यूनंतर दहा-वीस वर्षांनी, कर्ज काढायची किंवा जमीन विकायची वेळ आल्यावर केलेली असते. फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे, मजकुरात काय लिहिलंय ते वाचा. दोन, एकत्र कुटुंबात थोरल्या भावाचं नाव एकुम्या म्हणून लागायचं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटा भाऊ गेला तरी फेरफार होत नाही, कारण त्याचं नाव साताबारावर नव्हतंच. आपला पणजोबा धाकटा असेल तर त्याच्या मृत्यूऐवजी थोरल्याच्या मृत्यूचा फेरफार शोधा, त्यात वारसांत 'मयत भावाचा मुलगा' म्हणून आपले आजोबा सापडतात.

शहरात घर असेल तर सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्ड काढा. ए, बी, सी, डी, ई कुठल्या वॉर्डात ते आणि सिटी सर्व्हे नंबर माहीत पाहिजे, शिवाजी पेठेतली माणसं ए वॉर्ड म्हणतात, राजारामपुरी, शाहूपुरी ई वॉर्ड. कार्डावर 'वारसाने' म्हणून नाव बदललं त्याची तारीख असते.

घराण्याकडं वतन, इनाम, पाटीलकी, कुलकर्ण, देवस्थानची सेवा असं काही असेल तर तुमचं नशीब चांगलं. वतनदार गेला की दरबारात वारसाची चौकशी व्हायची, जबान्या व्हायच्या, वंशावळी जोडल्या जायच्या. संस्थानचं हे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात रुमालात बांधून ठेवलेलं आहे. तिथं आधी यादी बघायला मागा, गाव आणि वतनाचा प्रकार यावरनं रुमाल मागवा. ओळखपत्र, कशासाठी बघायचंय त्याचा अर्ज, पेन्सिल घेऊन जावा, शाईचा पेन जुन्या कागदाजवळ नेऊ नये. फोटो काढायची परवानगी असते का ते तिथंच विचारून करा.

बाकीची ठिकाणं

वर्तमानपत्रं. कोल्हापुरात निधनाच्या बातमीत 'रक्षाविसर्जन' कधी ते छापायची पद्धत आहे, आणि ते साधारण तिसऱ्या दिवशी, म्हणजे बातमीत मृत्यूची तारीख नसली तरी रक्षाविसर्जनावरनं मागं मोजता येतं. जुने अंक बघायला करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयात विचारा, 1850 सालची संस्था आहे. साल आणि महिना हातात असल्याशिवाय जाऊ नका.

घरातलं कुणी लढाईत गेलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, दोन्ही महायुद्धातले. रेजिमेंट, सर्व्हिस नंबर, तारीख, कधी वडिलांचं नाव आणि गावही असतं. सैनिक टाकळीसारख्या गावांत घरटी कुणी ना कुणी सापडेल. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होत्या, त्यामुळं 'बसऱ्याला गेला आणि आला नाही' असं घरात सांगत असतील तर बसरा मेमोरियल बघा. नावाचं स्पेलिंग साहेबानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं, आडनाव सोडून गाव टाकून बघा, जिल्हा टाकून बघा.

ख्रिश्चन घर असेल तर चर्चचं दफन रजिस्टर सगळ्यात भरवशाचं. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचं काम 1850 च्या दशकातलं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर भारतातल्या मृत्यू आणि दफनांची एक सूची आहे, 1719 ते 1948 ची, तिच्यात मुख्यतः युरोपियन आणि ख्रिस्ती नावं आहेत, बाकीच्यांनी तिथं फार वेळ घालवू नये. मुस्लिम घरांनी कब्रस्तानच्या कमिटीकडं आणि जमातीकडं विचारावं, लिंगायत आणि जैन घरांनी मठात. देणगीच्या वहीत 'अमक्याच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं असतं, तारखेसकट.

वही

शोधाची एक वही करा, मोबाईलमध्ये नको, मोबाईल बदलतो. एका माणसाला एक पान. जे मिळालं ते कुठं मिळालं, रजिस्टरचं नाव, साल, पान, ओळ. जे मिळालं नाही तेही, कुठं बघितलं आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत. फोटो काढताना आपल्या ओळीचा तर काढाच पण पूर्ण पानाचा आणि रजिस्टरच्या पहिल्या पानाचाही काढा, नाहीतर सहा महिन्यांनी ती ओळ कुठल्या गावची आणि कुठल्या सालची हेच कळत नाही, माझे असे अकरा फोटो आहेत आणि ते परत जाऊन शोधावे लागले. नक्कल निघत असेल तर शिक्क्याची नक्कल घ्या.

त्या लहान मुलीलाही मी एक पान दिलंय, वर नावाची जागा मोकळी ठेवून. आत्याला दाखवलं तर तिनं बराच वेळ हात त्या पानावर ठेवला आणि म्हणाली, हिचंबी म्हाळ घालूया आता. पणजीच्या भावाचं पान मात्र अजून कोरं आहे, त्याला पोटाच्या दुखण्यानं मिरजेला नेलं होतं एवढंच कळलंय. पाऊस उघडला की तिकडं जाणार आहे.